सहावी ते आठवीच्या मुलांना प्रयोगाची आखणी स्वतः करायला कसे शिकवावे?

प्रश्न : विज्ञान शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

सर्वांना नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना सामान्य विज्ञान शिकवते. सातवीत २४ मुले आहेत. शाळेत प्रयोगशाळेसाठी वेगळी खोली नाही. एका कपाटात काही परीक्षानळ्या, दोन तापमापी, एक तराजू आणि एक मोजपात्र आहे. साहित्य कमी आहे ही माझी मुख्य अडचण नाही. अडचण काय आहे ते नीट कळावे म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात घडलेला एक प्रसंग सविस्तर सांगते.

पुस्तकातली कृती मुले मन लावून करतात आणि साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे मथळे टाकून वहीत स्वच्छ अक्षरात लिहितात. मात्र कृतीचे उत्तर त्यांना आधीच ठाऊक असते, त्यामुळे निरीक्षणाच्या मथळ्याखाली डोळ्यांना दिसलेले न लिहिता पुस्तकात छापलेलेच उतरते. म्हणून या वेळी मी पुस्तकाबाहेरचा प्रश्न दिला. वावरातली काळी माती, टेकडीकडची बरड मुरमाड माती आणि नाल्यातली रेती, या तिन्हींपैकी पाणी सर्वांत जास्त कोण धरून ठेवते, हे तुम्हीच शोधून काढा, असे सांगितले. मुलांनी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या अर्ध्यावर कापल्या, वरचा भाग बूच काढून खालच्या भागात उलटा बसवला, तोंडाला सुती कापड बांधले, प्रत्येकात एक वाटी माती भरली आणि वरून एक पेला पाणी ओतले. सगळे काम त्यांनी स्वतःच ठरवून केले, याचे मला समाधान वाटत होते.

पण काळ्या मातीतून पाणी सर्वांत आधी खाली आले. वर्गातली बहुतेक मुले कास्तकारांच्या घरची आहेत आणि काळी जमीन पाणी धरते हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेले आहे. ‘मॅडम, हे चुकलं, काळ्या मातीत तर पाणी राह्यते,’ असे एक मुलगा म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. संध्याकाळी वह्या तपासताना एका गटाच्या तक्त्यात काळ्या मातीपुढे ९ मिनिटे लिहिलेली दिसली. रबराने खोडून खोडून तिथला कागद पातळ झाला होता आणि वही उजेडाकडे तिरकी धरली की खालचा २ हा आकडा स्पष्ट वाचता येत होता. दुसऱ्या दिवशी त्या गटातल्या मुलीला मी जवळ बसवून विचारले. ती घाबरली नाही. तिने सरळ सांगितले, ‘मॅडम, पेपरात असंच तर लिहा लागते.’

तिला रागावण्यासारखे काही नव्हते, कारण आजवर आपण तिला हेच शिकवले आहे. माझे प्रश्न असे आहेत. प्रयोगाची आखणी करण्याचे कौशल्य या वयात कोणत्या क्रमाने रुजवावे? अपेक्षेपेक्षा वेगळे आलेले निरीक्षण मुलांनी खोडू नये यासाठी वर्गात नेमके काय करावे? आणि अशा कामाला गुण कसे द्यावेत? आपल्याकडच्या शाळांमध्ये प्रत्यक्ष करून पाहिलेले असेल तर कृपया सांगावे.

उत्तर १ : निवृत्त विज्ञान शिक्षक, अमरावती जिल्हा

मॅडम, आपल्या मुलांचा प्रयोग चुकलेला नाही. त्यांनी बरोबर मोजले. फक्त त्यांना जे मोजायचे होते ते बाटलीत घडतच नव्हते.

आपल्याकडच्या काळ्या जमिनीत माँटमोरिलोनाइट गटातली चिकणमाती असते. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. म्हणून उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खोल जातो, आणि पुढे माती फुगून भेगा मिटल्या की त्याच वावरात पाणी साचते आणि बंडी रुतते. मुलांनी वाटीभर काळी माती घेतली तेव्हा ती बहुधा वाळलेल्या ढेकळांच्या रूपात असणार. पाणी ढेकळांमधल्या पोकळ्यांतून आणि बाटलीच्या कडेने खाली उतरले. मातीच्या आत शिरायला त्याला वेळच मिळाला नाही. आपण वर्गात एवढेच विचारावे : ‘पाणी मातीतून गेले, की मातीच्या बाजूने?’ हा प्रश्न विचारल्यावर मुले बाटली उचलून काचेला नाक लावावे तशी आत पाहतात, हे मी अनेकदा अनुभवले आहे.

इथूनच आखणीचा धडा सुरू होतो, कारण आता मुलांना काय काय सारखे ठेवायला हवे होते ते त्यांच्या स्वतःच्या प्रयोगातून दिसते. ढेकळे फोडून तिन्ही माती पिठाच्या चाळणीने चाळायला हव्यात. वाटीने मोजलेली माती वजनाने सारखी नसते, म्हणून तराजूवर प्रत्येकी २०० ग्रॅम घ्यायला हवी. कापड एकाच जुन्या धोतराचे हवे. पाणी मोजपात्राने मोजून, एकाच उंचीवरून, सावकाश ओतायला हवे. आणि पहिले पाणी निथळून गेल्यावर, माती फुगल्यावर, दुसऱ्यांदा तेवढेच पाणी ओतून ती वेळ नोंदवायला हवी. ही यादी फळ्यावर आपण लिहून दिली तर ती पुन्हा पुस्तकातली कृतीच होईल. मुलांचा प्रयोग अडखळल्यावर ती त्यांच्याकडून यायला हवी, आणि त्यासाठी एक तासिका गेली तरी चालेल.

याच्याही आधीची एक पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे प्रश्न मोजता येईल असा करणे. ‘पाणी धरून ठेवते’ या शब्दांचे दोन अर्थ होतात. पाणी किती हळू खाली जाते हा एक, आणि शेवटी मातीत किती उरते हा दुसरा. पहिल्यासाठी घड्याळ लागते, दुसऱ्यासाठी मोजपात्र लागते, आणि दोन्हींची उत्तरे वेगळी येऊ शकतात. आपल्या मुलांनी यातला कोणता अर्थ घेतला होता, हे कदाचित त्यांनाही सांगता येणार नाही. मी नोकरीत असताना सहावीला वर्षाच्या सुरुवातीचे काही तास फक्त वाक्ये बदलण्याचाच सराव देत असे. ‘शेणखताने पीक चांगले येते’ हे वाक्य फळ्यावर लिहायचे आणि ‘चांगले’ म्हणजे काय ते विचारायचे. कोणी उंची म्हणते, कोणी पानांची संख्या, कोणी बोंडे; एकदा एका मुलाने ‘ज्याला व्यापारी जास्त भाव देईल ते’ असे सांगितले आणि तेही मोजता येण्याजोगे होते. मग ‘शेणखत’ किती, कोणते, केव्हा घातलेले, हे विचारायचे. काय बदलायचे, काय मोजायचे आणि काय सारखे ठेवायचे, या तीन साध्या शब्दांत सहावीचे मूल बोलू लागले की स्वतंत्र चल, अवलंबी चल आणि नियंत्रित चल हे शब्द आठवीत सहज बसतात. उलट क्रमाने शिकवले तर शब्द पाठ होतात आणि आखणी येत नाही.

खोडण्याबद्दल सांगायचे तर माझ्या वर्गात प्रयोगाच्या दिवशी पेन्सिल आणि रबर दप्तरात ठेवावे लागत. नोंद पेनाने करायची, चुकली तर तिच्यावर एक आडवी रेघ मारायची, पण खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला बदलाचे कारण लिहायचे. प्रयोगाच्या आधी अंदाज वेगळ्या पानावर कारणासह लिहून घ्यायचा. तो अंदाज खरा ठरला म्हणून एकही गुण मिळणार नाही आणि खोटा ठरला म्हणून एकही गुण जाणार नाही, हे पहिल्या दिवशी सांगायचे आणि वर्षभर पाळायचे. मुलांचा विश्वास बसायला वेळ लागतो, कारण बाकीच्या सर्व विषयांत त्यांचा अनुभव याच्या उलट असतो.

उत्तर २ : कृषी विभागातील कर्मचारी, वाशीम जिल्हा

गुरुजींनी सांगितलेल्या गोष्टींत एक भर घालतो. आखणी शिकवताना आपण ‘सारखे ठेवणे’ यावर थांबतो आणि ‘पुन्हा पुन्हा करणे’ राहून जाते. सगळे सारखे ठेवले तरी दोन आकडे वेगळे येतात, आणि हा फरक खरा की निव्वळ योगायोगाचा हे ओळखणे हेच माझ्या मते या विषयाचे मर्म आहे. यासाठी खेड्यातल्या शाळेला सोयाबीनपेक्षा चांगले साहित्य मिळणार नाही.

पेरणीच्या आधी घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती तपासावी, असे आम्ही दरवर्षी गावोगाव सांगतो. पोत्याच्या वरून, मधून, खालून मिळून १०० दाणे घ्यायचे, ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकेल एवढेच पाणी शिंपडायचे आणि आठवडाभराने चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. ७० किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणे पेरण्यायोग्य समजतात. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या, तेव्हापासून ही चाचणी पुष्कळ घरांत पोहोचली आहे. म्हणजे आपल्या मुलांनी बापाला किंवा आजीला हा प्रयोग करताना पाहिलेले असते. त्यामागचा विचार तेवढा त्यांना कोणी उलगडून दाखवलेला नसतो.

एका शाळेत आम्ही काही वेगळे केले. बियाण्यांची तुलना करण्याआधी एकाच पोत्यातले दहा-दहा दाणे २४ मुलांना दिले, सर्वांनी सारख्याच फडक्यात सारखीच ओल ठेवून गुंडाळ्या केल्या आणि आठव्या दिवशी एकत्र उघडल्या. कोणाचे पाच उगवले होते, बहुतेकांचे सात-आठ, दोघींचे दहाच्या दहा. मी विचारले, सर्वांत चांगले बियाणे कोणाचे? सर्वांनी त्या दोघींकडे बोट दाखवले. मग शिक्षकांनी आठवण करून दिली की पोते एकच होते. वर्ग बराच वेळ शांत राहिला. त्यानंतर मुलांनी सगळ्यांचे दाणे एकत्र मोजले तेव्हा २४० पैकी १७८ उगवलेले निघाले, म्हणजे शेकडा ७४ च्या आसपास. दहा दाण्यांवर दिसलेला पाच आणि दहा यांच्यातला फरक बियाण्याचा नव्हताच. दाणे थोडे असले की असा फरक पडतच असतो. चाचणीत दहा दाणे न घेता शंभर का घेतात, आणि बीजपरीक्षण प्रयोगशाळेत शंभराचे चार संच मिळून ४०० दाणे का तपासतात, हे त्या मुलांना पुन्हा समजावून सांगावे लागले नाही.

मॅडम, माझी विनंती आहे की कोणतीही तुलना करण्याआधी एकदा ‘सारख्याची सारख्याशी’ तुलना करून घ्यावी. आपल्या माती प्रयोगातही काळ्या मातीच्याच तीन बाटल्या भराव्यात आणि त्यांच्या वेळा आपसांत किती वेगळ्या येतात ते आधी पाहावे. त्या तिघींमध्येच चार मिनिटांचा फरक पडत असेल, तर काळी आणि मुरमाड यांच्यातल्या दोन मिनिटांच्या फरकावर काही बोलता येणार नाही.

त्याच शाळेत एका गटाने मुगाला मोड आणतात तसे सोयाबीन रात्रभर पाण्यात बुडवून ठेवले आणि त्यातले बरेच दाणे कुजले. सोयाबीनचे टरफल पातळ असते, दाणा पाणी फार वेगाने शोषतो आणि आतल्या भागाला इजा होते. त्या गटाला वाटले की आपले काम वाया गेले, पण ‘भिजवण्याचा वेळ बदलला तर उगवण कशी बदलते’ हा पुढचा प्रश्न त्यांच्याच चुकीतून निघाला आणि तो त्या वर्षीचा सर्वांत चांगला प्रयोग ठरला.

शाळेच्या आवारात वाफे करून खत, पाणी किंवा पेरणीची खोली यांवर प्रयोग करायचे असतील तर कोणत्या वाफ्याला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. मुले नकळत आवडता उपाय चांगल्या जागेवर ठेवतात. शेणखताचे सगळे वाफे हातपंपाजवळ आणि बिनखताचे सगळे कडुनिंबाच्या सावलीत असे होते. हातपंपाजवळ प्रत्येक प्रकाराचा एक, मध्ये एक, धुऱ्याकडे एक, अशी मांडणी करून प्रत्येक ठिकाणच्या आतली जागा चिठ्ठीने ठरवली की जमिनीचा फरक सर्वांच्या वाट्याला सारखा येतो. कृषी विद्यापीठातले प्रयोग याच तत्त्वावर होतात. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या दोघा मराठी शास्त्रज्ञांनी शेतीतील संख्याशास्त्रावर लिहिलेला ग्रंथ १९५४ साली निघाला आणि देशभरच्या कृषी संशोधकांनी आखणीचे धडे त्यातून घेतले, हे मुलांना जरूर सांगावे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. कीटकनाशक, तणनाशक किंवा बीजप्रक्रियेचे औषध यांपैकी काहीही मुलांच्या प्रयोगात आणू नये, आणि प्रयोगासाठी आणलेली बाटली फवारणीची नाही याची स्वतः खात्री करावी. प्रक्रिया केलेले रंगीत बियाणेही मुलांच्या हाती देऊ नये. २०१७ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे मृत्यू झाले. बोंडअळीवर काही करायचेच असेल तर कामगंध सापळ्यातले पतंग मोठ्या माणसाने मोजावेत आणि मुलांनी आकडे नोंदवून आलेख काढावा. ते निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे, कारण त्यात आपण स्वतः काहीही बदलत नाही. हा भेदही त्यांना त्यातून कळतो.

उत्तर ३ : सहायक शिक्षक, भंडारा जिल्हा

वरील दोन्ही प्रतिसाद मनापासून आवडले, तरीही एक शंका विचारतो. माझ्याकडे सहावी आणि सातवी एकत्र बसतात, आणि विज्ञानासोबत गणितही मीच शिकवतो. धान कापणीच्या दिवसांत निम्मी मुले येत नाहीत, तेव्हा आठ दिवस चालणारा प्रयोग मध्येच तुटतो. शिवाय परीक्षेत शेवटी आकृती आणि व्याख्याच विचारल्या जातात. पालकही वही पाहतात ती पाने भरली आहेत का एवढेच पाहतात. अशा स्थितीत ही आखणी वर्षातून किती वेळा करणे शक्य आहे आणि तिचे मूल्यमापन कसे करावे?

उत्तर ४ : निवृत्त विज्ञान शिक्षक, अमरावती जिल्हा

सर, वर्षातून तीन वेळा पूर्ण आखणी झाली तरी पुरे आहे, असे मी अनुभवाने म्हणतो. बाकीच्या वेळी पुस्तकातली नेहमीचीच कृती घ्यावी आणि तिच्यातला एकच भाग मुलांकडे सोपवावा. एकदा फक्त तक्ता त्यांनी आखावा, एकदा फक्त ‘काय सारखे ठेवले नाही’ ते शोधावे. त्याला दहा मिनिटे लागतात.

मूल्यमापनाबाबत सातपुड्यापलीकडचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ साली सहावी ते आठवीसाठी प्रयोगांवर आधारलेला विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो शेकडो सरकारी शाळांत पोहोचला आणि २००२ पर्यंत चालला. तिथल्या परीक्षेत मुलांना पुस्तक आणि वही जवळ ठेवता येत असे आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा होत असे. आपल्याला परीक्षेची पद्धत बदलता येणार नाही, पण आकारिक मूल्यमापनात प्रात्यक्षिकाला गुण असतात आणि तिथे आपला हात मोकळा आहे. मी दहापैकी चार गुण आखणीला, चार गुण खऱ्या नोंदीला आणि दोन गुण ‘पुढच्या वेळी काय बदलाल’ या प्रश्नाच्या उत्तराला देत असे. निष्कर्ष बरोबर आला म्हणून वेगळा गुण ठेवला नव्हता. कधी दुसऱ्या शाळेतल्या काल्पनिक मुलाने लिहिलेला सदोष प्रयोग फळ्यावर लिहायचा आणि त्यातले दोष शोधायला सांगायचे. गैरहजेरीच्या दिवसांत हा सराव विशेष उपयोगी पडतो, कारण तो एका तासिकेत संपतो.

आमच्या वरुड-मोर्शी भागात मी संत्र्याच्या निमित्ताने जेम्स लिंडची गोष्ट सांगत असे. १७४७ साली या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) झालेले १२ खलाशी निवडले, त्यांना शक्य तितके सारख्या अवस्थेतले घेतले, सर्वांचे जेवण एकच ठेवले, आणि दोन-दोनच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. गोष्ट संपली की मुलांना विचारायचे, यात काय चांगले होते आणि तुम्हाला काय खटकते? जोडीत दोनच माणसे होती हे खटकणारे मूल दरवर्षी निघते. त्याने वर वाशीमच्या साहेबांनी सांगितलेला दाण्यांचा प्रयोग केलेला असेल तर ते हमखास निघेल.

उत्तर ५ : माध्यमिक शिक्षिका, चंद्रपूर जिल्हा

मी आठवीला उन्हाळ्यात करून घेते तो माठाचा प्रयोग सांगते, कारण त्यात तुलनेसाठी योग्य जोडी कशी निवडावी हे फार स्पष्ट दिसते. चंद्रपूरचा पारा एप्रिल-मे मध्ये ४५ अंशांच्या आसपास जातो आणि माठातले पाणी गार का होते हा प्रश्न मुलांना रोजचाच असतो. पहिली आखणी ती नेहमी माठ आणि स्टीलचा गुंड अशी करतात. मग मी विचारते की या दोघांत कोणकोणते फरक आहेत? धातू आणि माती, जाडी, आकार, तोंडाची रुंदी, अशी यादी वाढत जाते आणि गारवा कशामुळे आला हे सांगता येणार नाही हे त्यांच्याच लक्षात येते. बऱ्याच चर्चेनंतर एखादे मूल उत्तर शोधते : एकाच कुंभाराकडचे दोन सारखे माठ घ्यायचे आणि एकाला बाहेरून ऑइलपेंटचे दोन हात द्यायचे. आता फरक एकच उरतो, तो म्हणजे माठाची छिद्रे उघडी आहेत की बुजलेली.

या प्रयोगात आम्हाला एकदा मोठी अडचण आली होती. दोन माठांत दोन तापमापी ठेवल्या, पण पाणी भरल्याबरोबरच त्यांच्यात एका अंशाचा फरक दिसू लागला. दोन्ही तापमापी एकाच बादलीत बुडवल्या तरी तो फरक कायम राहिला, म्हणजे दोष तापमापीत होता. तेव्हापासून आम्ही आधी तो फरक नोंदवतो आणि शक्य असेल तिथे एकच तापमापी आळीपाळीने वापरतो. दुसऱ्या दिवशी माठांच्या जागाही अदलाबदल करतो, कारण खिडकीकडच्या माठाला वारा जास्त लागतो. सकाळच्या शाळेत दर अर्ध्या तासाने घेतलेल्या नोंदींत उघड्या माठातले पाणी काही अंशांनी गार होत जाते आणि रंगवलेल्या माठातले होत नाही. तोच प्रयोग श्रावणात पुन्हा केला की फरक अगदी थोडा राहतो, कारण दमट हवेत पाण्याची वाफ सावकाश होते. एप्रिलचा निष्कर्ष श्रावणाला लागू पडत नाही हे पाहिल्यावर निष्कर्षाच्या वाक्यात ‘कोरड्या हवेत’ हे शब्द मुले आपणहून घालतात.

यातूनच एक दावा पुढे आला. माठाचे पाणी आणि जारचे पाणी आपण चवीवरून ओळखतो, असे तीन मुलींचे म्हणणे होते. चहात दूध आधी घातले की नंतर हे चवीवरून ओळखता येते, या दाव्याची परीक्षा घेणारा आठ कपांचा प्रयोग संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ साली आपल्या पुस्तकात मांडला होता. आम्ही तो पाण्यावर केला. आठ सारखे पेले, चार माठाचे आणि चार जारचे, क्रम चिठ्ठ्यांनी ठरवलेला, पेले भरणारी मुले वर्गाबाहेर आणि पेला हातात देणाऱ्यालाही आत काय आहे ते माहीत नाही. सुरू करण्याआधी एका मुलाने सांगितले की माठाचे पाणी गार असते, त्यामुळे चव न घेताही ते ओळखू येईल. म्हणून दोन्ही पाणी रात्रभर एकाच खोलीत स्टीलच्या भांड्यांत ठेवले. निव्वळ अंदाजाने चारही पेले बरोबर निघण्याची शक्यता ७० मध्ये एक असते. आठवीची मुले हे चिठ्ठ्या काढून स्वतः पडताळून पाहू शकतात. तिघींपैकी एकीने चारही ओळखले. मुलांनी लगेच निष्कर्ष लिहिला नाही, दुसऱ्या दिवशी तिची पुन्हा परीक्षा घेतली. तेव्हा तिला दोनच ओळखता आले.

प्रश्नकर्त्या शिक्षिका, यवतमाळ जिल्हा (सहा आठवड्यांनंतर)

गुरुजी, वाशीमचे सर, चंद्रपूरच्या ताई आणि भंडाऱ्याचे सर, आपण सर्वांनी एवढा वेळ दिलात याबद्दल मनापासून आभारी आहे. मी एकच प्रयोग पुन्हा हाती घेतला, तोही सावकाश.

‘पाणी मातीतून गेले की मातीच्या बाजूने?’ हा प्रश्न विचारून मी गप्प राहिले. मुलांनी वाळलेली काळी माती भरून पुन्हा पाणी ओतले आणि ढेकळांमधून पाण्याची धार खाली पळताना पाहिली. मग चाळणी, वजन आणि दुसऱ्यांदा पाणी ओतणे हे सर्व त्यांच्याकडूनच आले. मला फक्त एकच कापड सर्वांना पुरवावे लागले. ‘धरून ठेवणे’ याचा अर्थ ठरवायला मात्र पूर्ण तासिका लागली. शेवटी दुसऱ्यांदा २०० मिलिलिटर पाणी ओतल्यानंतर पहिला थेंब पडेपर्यंतची वेळ मोजायची, असे वर्गाने ठरवले. वाशीमच्या सरांच्या सूचनेप्रमाणे आधी काळ्या मातीच्याच तीन बाटल्या लावल्या. त्यांच्या वेळांत तीन मिनिटांचा फरक पडला, तेव्हा मुलांनी स्वतःच ठरवले की प्रत्येक गटाने प्रत्येक माती तीनदा मोजायची.

सहा गटांपैकी पाच गटांत काळ्या मातीला सर्वांत जास्त वेळ लागला. सहाव्या गटात मुरमाड मातीला जास्त लागला. मी त्या गटाकडे मुद्दाम गेले नाही. त्यांनी पेनाने तिन्ही आकडे लिहिले, खाली ‘आमचे वेगळे आले’ असे लिहिले, आणि बाटली उभी कापून पाहिली, तेव्हा काळी माती एका बाजूने बाटलीपासून सुटलेली आणि तिथून पाणी उतरल्याचा ओघळ दिसला. रबराने आकडा खोडणारी मुलगी याच गटात आहे. तिने तो ओघळ वहीत काढला आणि त्याची रुंदी पट्टीने मोजून लिहिली.

आता माझ्यासमोर नवा प्रश्न आहे, आणि तो त्याच मुलीने विचारला आहे : ‘पण मॅडम, वावरातली माती कोनं चाळली आहे?’ चाळलेल्या मातीवरून वावराबद्दल काय सांगता येईल, असे तिला विचारायचे आहे. दोन्ही बाजूंनी उघडा असा तेलाचा पत्र्याचा डबा वावरात ठोकून, त्यात पाणी भरून, पाण्याची पातळी किती वेळात किती उतरते ते पट्टीने मोजायचे, असे मुलांनी सुचवले आहे. डबा जमिनीत किती खोल ठोकावा म्हणजे पाणी बाजूने निसटणार नाही, आणि पऱ्हाटी उपटून झालेल्या वावरात भेगा चुकवून जागा निवडावी की भेगांसकट मिळेल ती जागा चिठ्ठीने ठरवावी, यावर वर्गात दोन तट पडले आहेत. वाशीमच्या सरांनी किंवा कोणीही हे वावरात करून पाहिले असेल तर येत्या शनिवारच्या आत कळवावे, कारण त्या दिवशी आम्ही शाळेमागच्या वावरात जाणार आहोत आणि वावराच्या मालकांची परवानगी मुलांनीच घेतलेली आहे.